झाडावरचं झाड

मुंबईत अपोलो स्ट्रीटवर एक ऑफिस होतं आणि तिथल्या चिटणीससाहेबांच्या खुर्चीमागे एक धनेश राहायचा. जिवंत, बरं का! नाव विल्यम. १८९४ साली कारवारकडच्या एका माणसाने तीन महिन्यांचं पिल्लू भेट दिलं होतं. ते ऑफिसातच वाढलं, चोचीपासून शेपटीपर्यंत चार फुटांच्या वर गेलं आणि १९२० पर्यंत, म्हणजे तब्बल सव्वीस वर्षं, तिथंच राहिलं. कामासाठी आलेल्या माणसाला साहेबांच्या आधी साहेबांच्या मागची चोच दिसत असणार.

ऑफिस कसलं? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं. १५ सप्टेंबर १८८३ ला आठ जणांनी मिळून ही सोसायटी काढली. आठांतले दोघे आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाज काढणारे. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. पेशाने डॉक्टर, पण जीव झाडपाल्यात; औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई यांच्याच घरात वाढल्या, सखाराम अर्जुन त्यांचे सावत्र वडील. ती गोष्ट मात्र आजीकडून ऐका, मला तितकी रंगवता येत नाही.

तर या ऑफिसात १९०८ च्या सुमारास एक मुलगा आला. वय तुमच्या दादाएवढं. हातात कागदाची पुडी आणि पुडीत मेलेली चिमणी.

मुलगा खेतवाडीतला, नाव सलीम अली. आई-वडील तो अगदी लहान असतानाच गेले होते. भावंडांत सगळ्यात धाकटा. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी सगळी वाढली. मामा शिकारी, म्हणून भाच्याच्या हाती हवेची बंदूक. एकदा त्याने चिमणी पाडली, उचलून बघतो तर गळ्याला पिवळा ठिपका. आपल्या घरातल्या चिमणीला असतो का कधी? नाही ना! ही खायची चालते की नाही, हे मामांनाही सांगता येईना. मामा सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले, जा, मिलार्डसाहेबांना दाखव.

मिलार्ड म्हणजे ते चिटणीस. पोटापाण्याला दारूचा व्यापार, उरलेला सगळा वेळ पशुपक्षी आणि झाडं. पोरगा दारात घुटमळतोय म्हणून त्यांनी काही त्याला हाकललं नाही. चिमणी हातात घेतली आणि सांगितलं, ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी. मग कपाटांचे खण ओढून दाखवले. खणाखणांत पक्षी, कापूस भरून ठेवलेले, पायाला चिठ्ठी बांधलेले. कातडं सोलून पक्षी कसा टिकवायचा तेही सोसायटीत त्याला शिकवलं गेलं. सलीम अलींनी म्हातारपणी, १९८५ साली, आत्मचरित्र लिहिलं त्याचं नावही या चिमणीवरूनच ठेवलं, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’.

ही चिमणीची गोष्ट तुमच्या शाळेत सांगतातच. दर नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो, ५ ते १२. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, बाराला सलीम अलींचा, म्हणून हा आठवडा धरलेला. तेव्हा भाषणात चिमणी येते, मग टाळ्या होतात आणि पोरं घरी जातात. मला सांगायची गोष्ट चिमणीच्या पुढची आहे. तिच्यात झाडं आहेत.

त्याच मिलार्डसाहेबांना झाडांचंही वेड होतं. फुलणारी देखणी झाडं मुंबईत लावली जावीत यासाठी ते धडपडायचे. आणि या वेडात त्यांचे जोडीदार होते एक पाद्री, फादर एथेलबर्ट ब्लॅटर. जन्म १८७७ चा, स्वित्झर्लंडमधला. १९०३ साली मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात आले आणि वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. दोघांनी मिळून भारतातल्या सुंदर झाडांवर लेख लिहिले. त्यांचं पुस्तक १९३७ मध्ये निघालं, तेव्हा ब्लॅटर जाऊन तीन वर्षं झाली होती.

फादर ब्लॅटर वनस्पती गोळा करायचे. गोळा करायचे म्हणजे काय? कुंडीत लावायचे नाहीत. फुलाफळासकट एक डहाळी तोडायची, टिपकागदांच्या मध्ये पसरायची, वर वजन ठेवायचं. कागद ओला झाला की बदलायचा. पुन्हा बदलायचा. पावसाळ्यात हे काम फार चिवट, दोन दिवस कंटाळा केला की बुरशी. डहाळी कडकडीत सुकली की जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात लिहायचं: कुठे मिळाली, कधी, कशा जमिनीत, फुलाचा रंग कोणता होता, कुणी तोडली. रंग लिहून ठेवावाच लागतो, कारण सुकल्यावर तो उडतो. अशा कागदांच्या थप्प्यांना हर्बेरियम म्हणतात. ब्लॅटरनी उभं केलेलं हर्बेरियम त्यांच्याच नावाने आजही झेवियर्समध्ये आहे. शंभर वर्षांपूर्वी अमक्या डोंगरावर तमकं गवत होतं का, हे विचारायला लोक अजून तिथं जातात. पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी आणि या कागदाचा कोपरा, दोन्हींवर मजकूर तोच. ठिकाण, तारीख, नाव. ही नोंद नसेल तर मेलेला पक्षी आणि सुकलेली डहाळी दोन्ही केराची.

दादा विचारतोय, एकाच माणसाने दोन्ही केलं असं नाही का कुणी? आहे ना! आणि त्याचं नाव तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. अ‍ॅलन ह्यूम. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन मुंबईत २८ डिसेंबर १८८५ ला भरलं, त्याच्यामागे धडपड करणारा तोच. या ह्यूमने सिमल्याच्या बंगल्यात हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा केवढा तरी संग्रह केला होता. पंचवीस वर्षांच्या नोंदींचा ग्रंथ लिहायला काढला होता. हिवाळ्यात तो खाली गेला आणि मागे नोकराने ती हस्तलिखितं रद्दीत विकून टाकली. बाजारात पुड्या बांधल्या गेल्या असतील त्यांच्या! ह्यूमचं मनच उडालं. पक्षी आणि अंडी मिळून ८० हजारांवर नमुने त्याने १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. विलायतेला परत गेल्यावर मात्र त्याने झाडं धरली. रानोमाळ फिरून वनस्पती गोळा केल्या, वाळवल्या, चिकटवल्या, आणि १९१० साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, लंडनमध्ये वनस्पतींची एक संस्था काढली. ती अजून चालू आहे. पण ह्यूमचं पक्ष्यांचं आयुष्य संपलं तेव्हा झाडांचं सुरू झालं. सलीम अलींकडे ही दोन्ही एकाच वेळी, एकाच फांदीवर भेटली. ते कसं, ते आता ऐका.

सलीम काही हुशार विद्यार्थी नव्हता. कॉलेजात गणिताने छळलं, म्हणून शिक्षण सोडून १९१४ मध्ये ब्रह्मदेशात भावाच्या धंद्यावर गेला. तिथं खाणकाम आणि लाकूड होतं, पण भोवती जंगल. धंद्याकडे कमी आणि जंगलाकडे जास्त लक्ष गेलं, याचं मला नवल वाटत नाही. १९१७ मध्ये परत आला तो दावर कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायला. सगळ्यांना वाटलं, आता पोरगं मार्गाला लागलं.

आणि इथं फादर ब्लॅटर गोष्टीत शिरले. या मुलाचा ओढा कुठं आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्याला झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गात बसायला लावलं. सकाळी दावर कॉलेजात जमाखर्च, मग झेवियर्समध्ये प्राणी. बघा हं, स्वतः झाडांचा माणूस, पण मुलाला म्हणाला नाही की माझ्याकडे ये, झाडं शीक. ज्याचं त्याला दिलं. मास्तर असावा तर असा. मी तर म्हणेन, चिमणीइतकंच या फादरांचंही नाव भाषणात यायला हवं.

पुढची दहा-बारा वर्षं धक्क्यांची. १९१८ मध्ये तहमीनांशी लग्न झालं, पुन्हा ब्रह्मदेशात गेले, तिथला धंदा बुडाला, परत मुंबई. पदवी हातात नाही म्हणून पक्षितज्ज्ञाची जागा मिळेना. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणी समजावून सांगायची नोकरी लागली. तिथून रजा काढून बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान या मोठ्या पक्षितज्ज्ञाकडे शिकून आले, तर इकडे खर्चकपातीत ती जागाच उडालेली. १९३० साल, वय चौतिशीकडे झुकलेलं, हाती ताजं शिक्षण आणि खिशात काही नाही.

मग नवराबायको किहीमला गेले. अलिबागजवळ समुद्रकाठी गाव आहे, तिथं घरच्यांचं घर होतं. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळच सुगरणींनी खोपे विणायला घेतले. सलीम अली लपून बसून दिवसचे दिवस ते बघत राहिले. तोवर सगळे समजत होते की सुगरणीची एक जोडी मिळून एक खोपा बांधते. त्यांना वेगळंच दिसलं. नर एकटा विणतो, तोही अर्धाच. अर्धा खोपा झाला की माद्या बघायला येतात, आत शिरून चोचीने ओढून पाहतात. एकीने पसंत केला की नर पुढची नळी पुरी करतो, ती अंडी घालते, आणि हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा दुसरीसाठी सुरू करतो. नापसंत खोपे तसेच लटकत राहतात. नोकरी नसलेल्या माणसाने फुकट बसून केलेलं हे काम जगभर नावाजलं गेलं.

पण मला त्यांचं किहीमचं दुसरं काम जास्त आवडतं, ते बांडगुळाचं.

आपल्या गल्लीत कोपऱ्यावरचा आंबा आहे ना, त्याच्या शेंड्याकडे एक फांदी निराळीच दिसते. पानं जाड, आंब्याच्या पानांहून आखूड, रंगाने करडटसर हिरवी. ते बांडगूळ. आंब्यावर वाढलेलं दुसरं झाड. त्याचं मूळ जमिनीत नाही. मग ते वर आलं कसं? वडाचं रोप भिंतीत येतं तेव्हा निदान भेगेत माती असते. इथं तर गुळगुळीत फांदी.

सलीम अलींनी १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये यावर लेख लिहिला: कोकणातलं बांडगूळ आणि त्याला वाढवणारे दोन पक्षी. पहिला शिंजीर. बाकदार चोचीचा, उन्हात नर निळाजांभळा चमकतो, आपल्या जास्वंदीवर येतो तो. दुसरा फुलटोच्या. हा तुम्ही ऐकला असेल, पाहिला नसेल. जेमतेम आठ सेंटिमीटरचा, मातकट रंगाचा, आपल्या देशातल्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक. सारखा चिक् चिक् चिक् करत उंच पानांत हिंडतो.

आता गंमत बघा. बांडगुळाचं फूल म्हणजे लांबट नळी, केशरी-लाल. कळी पिकते, आत मध तयार होतो, पण कळी उघडत नाही. वाट बघत बंदच राहते. फुलटोच्या किंवा शिंजीर येतो, कळीचं टोक चोचीत धरतो आणि हलकेच दाबतो. फट्! पाकळ्या झटक्यात मागे वळतात, आतले पुंकेसर उसळून बाहेर येतात आणि पिवळे परागकण पक्ष्याच्या कपाळावर उडतात. पक्षी मध पितो, दुसऱ्या कळीवर जातो, तिथं तेच कपाळ स्त्रीकेसराला लागतं. परागीभवन झालं! कच्ची कळी पक्षी दाबत नाही, त्याला बरोबर कळते. चोर मुंग्यांना मध मिळत नाही, कारण दार बंद. दाराची किल्ली फक्त या चोचींकडे.

पुढे फळ धरतं. करवंदाहून लहान, पिकलं की गुलाबी. हे फळ फुलटोच्या अख्खं गिळतो. आत एकच बी आणि तिच्याभोवती भोकराच्या गरासारखा चिकट, तार सुटणारा गर. या पक्ष्याच्या पोटात बी फार वेळ राहत नाही. काही मिनिटांतच बाहेर येते, पण तो चिकटपणा तसाच. बी शेपटीखाली लोंबत राहते, सुटता सुटत नाही. मग फुलटोच्या काय करतो? फांदीवर आडवा होऊन बूड घासतो. बी फांदीला चिकटते, हा हलका होऊन उडतो. हे दिवसभर चालू! धनेश वड-उंबर खाऊन जंगलभर बिया टाकतो, त्या कुठं पडतील ते त्याच्या हाती नसतं. हा बोटाएवढा पक्षी मात्र बी नेमकी फांदीवर लावून जातो.

आता ही बी. हिला टणक साल नाही, माती लागत नाही, कुणी पाणी घालायची गरज नाही. उजेड असला की उगवायला लागते. हिरवा कोंब निघतो, आणि झाडाचा कोंब उजेडाकडे जातो हे तुम्ही शिकलात ना? हा उलटा जातो, उजेडापासून दूर, फांदीच्या सालीकडे. साल लागली की टोक पसरट होतं, घट्ट बसतं आणि तिथून आत घुसतं, थेट झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांपर्यंत. नळजोडणी झाली की पानं फुटतात. एवढ्यावर थांबत नाही. फांदीच्या सालीवरून मुळ्यांसारखे धावते फाटे काढतं आणि जागोजाग नव्या जोडण्या घेतं.

नात म्हणतेय, म्हणजे चोरच की! थोडा चोर आहे, पुरता नाही. पानं हिरवी आहेत, म्हणजे साखर स्वतः करतं. पाणी आणि क्षार मात्र आंब्याचे. आणि पाणी ओढण्यात याला काटकसर माहीत नाही. आंबा उन्हाळ्यात पानांची छिद्रं मिटून पाणी वाचवतो, हे उघडी ठेवून ओढतच राहतं. त्यामुळे जोडणीच्या पुढची फांदी हळूहळू सुकते. बांडगुळाने घर केलेल्या झाडांच्या जातींची यादी तीनशेच्या वर जाते. आमराईवाल्याला विचाराल तर तो शिव्याच घालेल आणि त्याचं बरोबर आहे. काढायचं तर नुसतं बांडगूळ छाटून उपयोग नाही, आत मुळं राहतात. जोडणीच्या खाली, बुंध्याच्या बाजूने थोडं अंतर सोडून फांदीच कापावी लागते.

पण रानातलं बांडगूळ काढायला धावू नये, असं माझं मत आहे. हिवाळ्यात, जेव्हा बाकी फारसं काही फुलत नाही, तेव्हा त्याच्या कळ्यांवर शिंजीर जगतात, फळांवर फुलटोच्या. निलगिरीच्या डोंगरात प्रिया दविदार या बाईंनी पुढे बांडगुळं अभ्यासली. त्यांना दिसलं की तिथल्या काही जातींची पिकलेली कळी आणि पिकलेलं फळ दिसायला सारखीच. फळाच्या ओढीने आलेला पक्षी कळीही दाबून जातो. १९८३ साली त्यांनी हे छापलं. किहीमच्या नोंदींना पन्नास वर्षं उलटून गेली होती आणि तीच फांदी अजून नवं सांगत होती.

बरं, सलीम अली आपल्याकडे कधी आले? १९३१ मध्येच. नोकरी नाही, तर त्यांनी संस्थानांना सांगितलं: तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो, पगार नको, खर्च द्या. पहिलं मोठं राज्य मिळालं निजामाचं. तेव्हा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता, आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हाही. १९३१-३२ मध्ये ते आणि तहमीना मुक्कामामागून मुक्काम करत फिरले. आरामात वाढलेली बाई रानात संसार करत राहिली, वर नवऱ्याचं इंग्रजी तपासून नीट करायची ते वेगळंच. त्या पाहणीचा वृत्तान्त १९३३ पासून सोसायटीच्या जर्नलमध्ये भागाभागाने छापला गेला.

त्याच सुमारास, १९३२ साली, त्यांनी आणखी एक लेख लिहिला. विषय: पक्ष्यांची फुलं आणि फुलांचे पक्षी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण कन्नडच्या बाजूला जातो तेव्हा काय दिसतं? पळस, पांगारा, काटेसावर. पान एक नाही, सगळं झाड लालभडक. मला सांगा, लालच का? कारण मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही. तिला निळा दिसतो, हिरवा दिसतो, आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो, लाल मात्र तिच्या डोळ्याला काळपट. पक्ष्याला लाल लख्ख दिसतो. म्हणजे ज्या झाडाला पाहुणा म्हणून पक्षी हवा, त्याने लाल रंगाची पाटी लावायची. पक्ष्यांचं नाक यथातथाच, म्हणून वासावर खर्च नाही. सावरीचं फूल हुंगून बघा, फार काही लागणार नाही हाताला. मध मात्र भरपूर आणि पातळ, कारण मैना, कावळा, बुलबुल ही माणसं मोठी, थेंबावर भागत नाही. आणि पाकळ्या जाड, चोचीच्या धक्क्याने फाटू नयेत म्हणून. पळसाखाली उभं राहिलात तर वर अख्खं संमेलन भरलेलं असतं, कपाळं सगळ्यांची पिवळी.

आपल्या भागात कोणती झाडं आहेत याचीही कुणीतरी अशीच पायपीट करून मोजदाद केलीय. आपल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. व्ही. एन. नाईक. त्यांचे ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’चे दोन खंड १९९८ मध्ये निघाले. गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचायचे नाहीत ते, पण रस्त्यात अनोळखी रोप दिसलं की त्यांचा आधार. पक्ष्यांसाठी चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ आहे. चितमपल्ली वनाधिकारी, त्यामुळे त्यांच्या लिहिण्यात झाड आधी येतं आणि मग त्यावरचा पक्षी. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, त्र्याण्णवाव्या वर्षी.

सलीम अलींचं पुढचं भराभर सांगतो. १९३९ मध्ये तहमीना गेल्या, एका साध्या शस्त्रक्रियेनंतर. तो घाव मोठा होता. त्यानंतर ते बहिणीकडे राहिले आणि कामात बुडाले. १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं, ज्याने शेकडो लोकांच्या हाती दुर्बीण दिली. १९५० मध्ये स्वीडनला पक्षितज्ज्ञांची परिषद होती, तिथं हा माणूस स्वतःची सनबीम मोटारसायकल बोटीवर चढवून घेऊन गेला आणि युरोपभर तिच्यावरून फिरला. परिषदेतल्या काहींना वाटलं, हे हिंदुस्थानातूनच चालवत आले! वय तेव्हा त्रेपन्न. १९५९ साली कुमाऊंच्या तराईत फिन्सची सुगरण त्यांनी पुन्हा शोधली, जी बराच काळ कुणाला सापडली नव्हती. मग डिलन रिप्ली यांच्याबरोबर दहा खंडांचा ग्रंथ. १९७६ मध्ये पद्मविभूषण. १९८७ साली, नव्वदी उलटल्यावर, ते गेले. आपल्या शहरात दिल्ली गेटजवळ, हिमायतबागेसमोर जे तळं आहे, ज्याला मोगलांच्या वेळी खिजरी तलाव म्हणत, त्याला आता त्यांचंच नाव आहे. तळ्यावर पाणपक्षी बघायला सगळे जातात. समोरच्या बागेत जुने आंबे आहेत, तिकडे मान वर करून बघणारा एखादाच.

तर आता कामाचं. फुलटोच्या बघायचा तर झाडाखालून नाही, तो फार वर असतो आणि मान अवघडते. गच्ची बरी. उद्या नळाला पाणी यायचा दिवस, म्हणजे पहाटे घर जागं होणारच. टाकी भरेपर्यंत दोघांनी वर बसायचं. मोटार बंद करायला विसरू नका, नाहीतर खालचे काका वर येतील. आधी आवाज ऐकायचा, चिक् चिक्, मग दुर्बीण लावायची. शेजारच्या गच्चीवरून बांडगुळाची एक फांदी हाताला येते, पण परवानगी विचारून. कळी टोकाशी फुगीर झाली असेल तीच दाबा, हलक्या हाताने, नाक लांब ठेवून. आणि पिकली फळं तुम्ही फोडणार, हे मला माहीत आहे. तो चिकट गर कपड्यांना लागला तर आजीला तुम्ही सांगायचं, मी नाही.